हँडलवरचा स्वस्त वाटाड्या

शनिवारी सकाळी सहा-साडेसहाला चांदणी चौकात उभं राहा आणि नुसतं बघा. मुळशी-ताम्हिणीकडे निघालेल्या बाइक्सवर मोबाइलच मोबाइल दिसतील. कुणी हँडलला रबरबँडने बांधलाय, कुणी फूटपाथवरच्या होल्डरमध्ये अडकवलाय, तर कुणी हेल्मेट आणि गालाच्या मध्ये कोंबून 'इन फोर हंड्रेड मीटर्स' ऐकतोय! मागे बसलेली मैत्रीण फोन हातात धरून खांद्यावर थापट्या मारतेय, ती वेगळीच. (डावा खांदा म्हणजे डावीकडे. ही सिस्टिम फुकट आहे आणि तिला चार्जिंगही लागत नाही.)

कारवाल्यांचं बरं असतं. मोठी स्क्रीन, एसी, डोक्यावर छप्पर. आपल्याकडे काय, तर ऊन, पाऊस, धूळ आणि खड्डे. बाइकसाठी खास बनवलेले जीपीएसही मिळतात, नाही असं नाही. गार्मिनची 'झुमो' मालिका त्यातली नावाजलेली. वॉटरप्रूफ, ग्लोव्हज घालूनही चालणारी. पण तेवढ्या पैशात एक बरा नवा फोन येतो! रूमचं भाडं, गाडीचा ईएमआय आणि महिन्याच्या २५ तारखेनंतरचा आपला बँक बॅलन्स बघता तो विषय इथेच संपतो. मग राहतो तो आपला फोन. तो पुरतो का? पुरतो. मात्र पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही, हे आधी ठरवायला हवं. गेल्या वर्षभरात माझ्या १५० सीसीच्या बाइकवर बरेच प्रयोग करून मी एका मतावर आलेय: पैसे स्क्रीनवर नाही, पकडीवर आणि कानावर घाला.

का, ते सांगते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात तुम्ही एका सेकंदात साधारण १७ मीटर जाता. नकाशातलं वळण समजून घ्यायला दोन सेकंद खाली बघितलं, की ३३ मीटर तुम्ही डोळे मिटून गाडी चालवली! तेवढ्यात एक कुत्रं, एक स्पीडब्रेकर आणि राँग साइडने येणारा एक काका, सगळे येऊन जातात. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. १ ऑक्टोबर २०२०पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. गाडी चालवताना फोन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने. हँडलवरच्या फोनवर व्हॉट्सअॅपचे फुगे येत असतील, तर तो वाटाड्या नव्हे, नुसता व्यत्यय. निघण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. बॉसला सोमवारी भेटा.

रेंज गेली, जीपीएस नाही गेलं!

आमच्या ग्रुपमध्ये दर ट्रिपला हा डायलॉग होतोच. 'यार, नेटवर्क गेलं, आता जीपीएस बंद!' अजिबात नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत आपली वेळ आणि जागा सांगत असतात. फोन ते फक्त ऐकतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की स्वतःची जागा काढतो. या सगळ्यात सिमकार्डचा संबंध येत नाही. नेटवर्क लागतं ते नकाशाचं चित्र आणि ट्रॅफिक आणायला. आणि हो, उपग्रह लवकर सापडायला त्याची मदत होते, म्हणून रेंज नसताना फोन नव्याने सुरू केला तर निळा ठिपका जागेवर यायला थोडा वेळ घेतो. घाबरून स्क्रीन बडवू नका. मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबा.

मुळात हे फुकट आणि इतकं अचूक मिळणं आपल्या पिढीला गृहीतच असतं. मे २०००पर्यंत अमेरिका सर्वसामान्यांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत होती. ती थांबली आणि मग बाजार खुला झाला. २०१०च्या जानेवारीत नोकियाने आपल्या फोनवर नकाशे आणि वळणावळणाचं मार्गदर्शन फुकट केलं. माझा चुलतभाऊ ते आख्ख्या वाड्याला दाखवत फिरायचा, मला अजून आठवतंय. आता तर आपला 'नाविक'ही आहे. इस्रोच्या या प्रणालीला २०१६मध्ये हे नाव मिळालं. तिच्या वाटेत अडचणी बऱ्याच आल्या, पहिल्याच उपग्रहाची आण्विक घड्याळं बंद पडली. पण फोन एकट्या नाविकवर चालत नाहीच. जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइदू, जे मिळतील ते सगळे तो एकत्र ऐकतो. दोन डोंगरांच्या फटीत आभाळच चिंचोळं दिसतं, तिथे जेवढे जास्त उपग्रह तेवढं बरं.

म्हणून घाटात जायचं असेल तर आदल्या रात्री वाय-फायवर नकाशा डाउनलोड करा. गूगल मॅप्समध्ये ती सोय आहे, फक्त ऑफलाइन असताना ट्रॅफिक कळत नाही. 'ऑर्गॅनिक मॅप्स' हे अॅप तर आख्खं ऑफलाइनच चालतं, जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. त्याचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेला. त्यामुळे किल्ल्यांच्या पायवाटा झकास सापडतात, पण शहरातलं नवीन हॉटेल सापडेलच असं नाही. आपल्याकडच्या मॅपमायइंडियाचं 'मॅपल्स' स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांचीही सूचना देतं. पुण्यात ते सतत बोलत राहतं, हा काही अॅपचा दोष नाही!

सेटिंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र बाइकचं चिन्ह. गूगलने टू-व्हीलर मोड २०१७च्या डिसेंबरमध्ये जगात पहिल्यांदा भारतातच आणला, तरी कितीतरी जण अजून कारच्या मोडवरच निघतात. मग काय होतं? मुंबईला जाताना अॅप आरामात एक्स्प्रेसवे दाखवतं, जिथे बाइकला बंदी आहे. मुंबईत शिरल्यावर सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, सगळीकडे तीच गत. टोलनाक्यावरून यू-टर्न आणि वर दंड.

आणि फ्लायओव्हर! फोनला आपण कुठे आहोत ते चार-पाच मीटरच्या फरकाने कळतं. पण पुलावर आहोत की पुलाखाली, हे ओळखताना त्याची गडबड होते. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ला पाडला आणि ऑगस्ट २०२३मध्ये नवं जाळं खुलं झालं. त्यातून पहिल्यांदा बाहेर पडताना मुळशीऐवजी साताऱ्याच्या दिशेला लागलेले निदान चार मित्र माझ्या ओळखीत आहेत. गूगलने जुलै २०२४मध्ये भारतात फ्लायओव्हरची आगाऊ सूचना सुरू केली, तेव्हापासून बरंच सोपं झालंय. तरी माझी पद्धत अशी, की असा चौक यायच्या आधी बाजूला थांबून पुढची दोन वळणं पाठ करायची. बस्स.

डेस्टिनेशन टाकतानाही नीट वाचा. एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी आणि वडगाव मावळ आहेत. 'वडगाव' टाइप करून पहिला पर्याय दाबणाऱ्याचं लग्न चुकणार, हे नक्की.

नाना पेठेत काय मिळतं?

आता खर्चाचं. होल्डर घ्यायला मी नाना पेठेत गेले. दुकानदाराने समोर डझनभर होल्डर टाकले आणि म्हणाला, "ताई, रंग नका बघू. खालचं रबर बघा." बरोबर होतं त्याचं. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याची लेन्स बारीकशा यंत्रणेवर तरंगत असते, हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून. इंजिनची सततची थरथर हँडलमधून तिथवर पोचते आणि ती यंत्रणा बिघडू शकते. हे मी म्हणत नाही, सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलनेच जाहीरपणे सांगितलं. मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलवर आयफोन लावूच नका आणि मोपेड-स्कूटरवर लावायचाच तर थरथर शोषणारा माउंट वापरा, असा त्यांचा सल्ला आहे. सिंगल सिलिंडरच्या 'धडधड'वर प्रेम करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आमच्यातल्या एकाचा महागडा फोन लडाखहून परतला तेव्हा त्याचे सगळे फोटो पाण्याखालून काढल्यासारखे येत होते.

यावर माझा उपाय एकदम मध्यमवर्गीय आहे: ड्रॉवरमधला जुना फोन. स्क्रीनला एक तडा, बॅटरी अर्धी, सिम नाही. चालतंय! नकाशा डाउनलोड केलेला, जीपीएस चालू, आणि ट्रॅफिक हवाच असेल तर खिशातल्या नव्या फोनचा हॉटस्पॉट. थरथरीने त्याचा कॅमेरा गेला तर गेला. रबर डॅम्परवाला होल्डर ९०० रुपये, हँडलवरचं यूएसबी सॉकेट ४०० आणि मेकॅनिकची मजुरी १५०. झाले १४५०. सॉकेट बसवताना फ्यूज टाकायला सांगा आणि ते इग्निशनवरून घ्या, नाहीतर रात्रभरात गाडीची बॅटरी उतरते. मेकॅनिक 'काही होत नाही हो' म्हणेल. तरी सांगा.

उन्हाळ्यात दुपारी फोन तापतो, आधी स्क्रीन मंद होते, मग तो सरळ झोपी जातो. पावसात उलटं, थेंब पडले की स्क्रीन स्वतःच बटणं दाबत सुटते. प्लॅस्टिकचं पाउच लावलं तर पाणी थांबतं, पण आत वाफ धरते. म्हणूनच मी कानावर येते. दोन्ही ऋतूंत फोन आत खिशात आणि हेल्मेटमध्ये छोटा ब्लूटूथ स्पीकर, हाच माझा आवडता प्रकार. कानात घट्ट बसणारे इअरफोन नकोत, मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा. आवाज हळू, गाणी बंद. शनिवारच्या ट्रिपला ८० टक्के वेळ मला स्क्रीन लागतच नाही. बाईंचा तो इंग्रजी आवाज पौडला 'पाउड' म्हणतो, पण कळतं.

नवी गाडी घेणार असाल तर हा खर्च वाचेलही. टीव्हीएसच्या एनटॉर्कवर २०१८पासून मीटरमध्येच वळणाचे बाण येतात. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२०मध्ये मिटिऑर ३५०बरोबर 'ट्रिपर' नावाची गोल डबी दिली, तिच्यात फक्त बाण आणि अंतर. आणि मला ते सगळ्यात पटतं. नकाशा नाही, हॉटेलं नाहीत, नुसतं 'उजवीकडे, २०० मीटर'. बाइकवर याहून जास्त माहिती लागते कुणाला?

नकाशाला पाणी दिसत नाही

एक गोष्ट मात्र कितीही पैसे टाकून मिळत नाही. जानेवारी २०२१मध्ये पुण्याहून तिघे जण कारने कळसूबाईकडे निघाले होते. रात्रीची वेळ. अकोले तालुक्यात कोतूळजवळ नकाशाने पुलावरचा रस्ता दाखवला. पूल होता, पण धरणाच्या पाण्याखाली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट वाहून गेलेल्या पुलावरून कार खाली पडली आणि तिघे गेले. तिथेही फोनवर रस्ता सरळ दिसत होता. रस्ता कुठे जातो हे उपग्रहाला विचारता येतं, तो आज चालू आहे का हे नाही. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात, ते अॅपला लगेच कळेलच असं नाही.

इथे बाइकवाल्याला एक फायदा आहे, जो कारवाल्याला काच खाली करायच्या आळसामुळे मिळत नाही. आपण कुठेही थांबू शकतो. टपरीवर हाफ चहा सांगा आणि विचारा, "काका, पुढचा पूल चालू आहे ना?" नकाशा चार मिनिटं वाचवणारा शॉर्टकट दाखवत असेल आणि अंधार पडला असेल, तर मी मुख्य रस्ताच धरते. अनोळखी भागात रात्री रेंज नसताना शॉर्टकट घेणं मला मुळीच मान्य नाही, ग्रुपने कितीही 'चल ना' केलं तरी.

शेवटचं, घरच्यांसाठी. लाइव्ह लोकेशन जरूर शेअर करा, पण ते कसं चालतं ते आईलाही सांगून ठेवा. उपग्रह तुमची जागा कुणाला कळवत नाहीत, ती तुमचा फोन नेटवर्कवरून पाठवतो. रेंज गेली की तिच्या स्क्रीनवरचा ठिपका जागच्या जागी गोठतो. दिवेआगरला जाताना मी हल्ली पौडलाच थांबून मेसेज टाकते, 'ताम्हिणीत तास-दीड तास ठिपका हलणार नाही, विळ्याला उतरले की फोन करते.' तरी परवा विळ्याला पोचले तेव्हा सात मिस्ड कॉल होते. फोन उचलल्या उचलल्या आई म्हणाली, "ते कळलं गं मला. पण ठिपका हॉटेलपाशीच थांबला होता. काय खाल्लंस?"