सोसायटीचे दप्तर संगणकात नेताना : कारध्यासारख्या गावातील सेवा संस्थांसाठी

भंडारा शहरालगत, वैनगंगेच्या काठी वसलेले कारधा हे धानपट्ट्यातले गाव. अशा गावातला शेतकरी बँकेपेक्षा सोसायटीला जवळून ओळखतो. खरिपाचे पीककर्ज तिथून उचलले जाते, भाग तिथेच जमा असतात आणि वसुलीची पावतीही तिथलीच. या सोसायट्यांच्या, म्हणजेच प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, संगणकीकरणाचा प्रकल्प केंद्र सरकारने जून 2022 मध्ये मंजूर केला. सुरुवातीला देशभरातील 63,000 संस्था आणि 2,516 कोटी रुपये असा त्याचा आराखडा होता. अंमलबजावणीत नाबार्डची मुख्य भूमिका आहे आणि सर्व संस्थांसाठी एकच ईआरपी प्रणाली ठरली आहे.

संगणक, प्रिंटर आणि सॉफ्टवेअर येऊन पडले की काम संपले असे वाटते. खरे काम तिथून पुढे सुरू होते. वर्षानुवर्षांच्या किर्दी, खतावण्या आणि सभासद नोंदवह्यांतली माहिती नव्या प्रणालीत अचूक उतरवायची असते. ती चुकीची उतरली, तर प्रणाली ती चूक दरवर्षी इमानेइतबारे पुढे नेते आणि तिच्यावर व्याजही आकारते. म्हणून या स्थलांतराकडे तंत्रज्ञाच्या आधी हिशेबनिसाच्या नजरेने पाहायला हवे.

काय न्यायचे, काय जुन्या दप्तरात ठेवायचे

पहिला निर्णय निवडीचा. सगळाच इतिहास टंकत बसण्याची गरज नसते. तीन गोष्टी मात्र न्याव्याच लागतात.

1. सभासदांची मूळ माहिती : नाव, सभासद क्रमांक, गट क्रमांक, क्षेत्र, वारस, बँक खाते, आधार.
2. ठरलेल्या तारखेची शिल्लक : प्रत्येक सभासदाचे भाग, कर्ज, व्याज आणि ठेव असल्यास ठेव.
3. संस्थेची तेरीज : रोख, बँकेतील शिल्लक, जिल्हा बँकेचे देणे, खत-बियाण्यांचा साठा, फर्निचर, निधी.

चालू कर्जाच्या बाबतीत नुसती शिल्लक पुरत नाही. वाटपाची तारीख, पीक, मुदत आणि आजवरची वसुली हेही लागते. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो, आणि तो लाभ तारखांवर अवलंबून आहे. वाटपाची वा भरण्याची एक तारीख चुकली, तर नियमित कर्जदार कागदावर थकबाकीदार ठरू शकतो. पूर्ण फिटलेल्या जुन्या कर्जांचे व्यवहार मात्र खतावणीतच राहू द्यावेत. त्यांची पाने स्कॅन करून ठेवली तरी पुरते.

तारीख कोणती धरायची

सहकारी संस्थेचे वर्ष 31 मार्चला संपते. त्या दिवशीचा ताळेबंद लेखापरीक्षक तपासतो, म्हणून 31 मार्चची शिल्लक हाच सर्वांत भक्कम पाया. पण प्रत्यक्ष नोंदणीचे काम त्याच आठवड्यात काढू नये. मार्चमध्ये वसुलीची घाई असते, एप्रिल ते जून खरिपाचे कर्जवाटप चालते. ज्या संस्थेकडे धान खरेदी केंद्र आहे, तिला दिवाळीनंतर सवड मिळत नाही.

सोयीचा क्रम असा. नावे, गट क्रमांक, आधार अशी तारखेवर अवलंबून नसलेली माहिती जानेवारी-फेब्रुवारीतच गोळा करून तपासायची. 31 मार्चच्या शिलका एप्रिलमध्ये भरायच्या. त्यानंतरचे वाटप आणि वसुली त्या शिलकांवर तारखेनुसार चढवायची. लेखापरीक्षणात काही दुरुस्ती निघाली, तर ती नव्या वर्षात स्वतंत्र नोंद करून दाखवायची. मागची शिल्लक गुपचूप बदलायची नाही.

आधी उफणणी

धान उफणल्याशिवाय कोणी कोठीत भरत नाही, माहितीचेही तसेच. संस्थांच्या दप्तरात नेहमी सापडणारा कचरा पुढीलप्रमाणे असतो.

*एकाच माणसाची दोन खाती.* नोंदवहीत एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, आधारवर तिसरे. वडिलांचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल तर नेहमीचीच. उलट एकाच नावाचे दोन चुलतभाऊ एका खात्यात मिसळलेलेही आढळतात. केवळ नावावरून जोडणी करू नये. नाव, गट क्रमांक आणि आधार यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या तरच तो माणूस एक मानावा.

*मृत सभासद.* त्यांची नावे गाळू नयेत आणि चालूही दाखवू नयेत. ‘मयत, वारसनोंद बाकी’ असा वेगळा शेरा ठेवून वारसांना नोटीस द्यावी. सहकार कायद्याप्रमाणे ठेवायचे ‘आय’ नमुन्यातील सभासद रजिस्टर आणि ‘जे’ नमुन्यातील यादी याच वेळी अद्ययावत करून घ्यावी.

*जुने फॉन्ट.* काही संस्थांनी संगणक आधीच आणला होता, पण मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकला गेला. पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. अशी फाइल तशीच चढवली, तर सभासदाचे नाव निरर्थक अक्षरांत उमटते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि जोडाक्षरे व रफार माणसाने डोळ्यांखालून घालावेत.

*एक्सेलचे खेळ.* खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये एक्सेल उडवते. पंधरापेक्षा जास्त आकडे असलेल्या क्रमांकाचे शेवटचे आकडे शून्य होतात. 05/06 ही तारीख 5 जूनऐवजी 6 मे होऊ शकते. म्हणून खाते क्रमांकाचे आणि आधारचे रकाने भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ प्रकारात ठेवावेत आणि तारखेची एकच पद्धत ठरवावी.

तेरीज जुळणे आणि अनिष्ट तफावत

सगळ्यात अवघड गाठ इथे आहे. संस्थेचे सभासदांकडून येणे एका बाजूला आणि संस्थेचे जिल्हा बँकेला देणे दुसऱ्या बाजूला. सभासदांकडील येण्यापेक्षा बँकेचे देणे जास्त भरले, की त्याला अनिष्ट तफावत म्हणतात. गटसचिवांना आणि लेखापरीक्षकांना हा शब्द नवा नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सर्व सभासदांच्या कर्जखतावणीची बेरीज 1,42,60,000 रुपये आली. बँकेच्या दाखल्यात संस्थेकडील कर्ज 1,51,10,000 रुपये दिसते. फरक 8,50,000 रुपयांचा. हा पैसा कुठे गेला? कधी सभासदाकडून वसूल झालेली रक्कम बँकेत भरलीच गेलेली नसते. कधी संस्थेने ती मुद्दल म्हणून भरलेली असते आणि बँक मात्र आधी व्याजाकडे जमा करून घेते. कधी वसुलीतूनच संस्थेचा खर्च भागवलेला असतो.

नवी प्रणाली दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही. मग मोह होतो तो फरकाची रक्कम ‘अनामत’ किंवा ‘इतर येणे’ अशा एखाद्या खात्यात ढकलून बेरीज जुळवण्याचा. हे टाळावे. तफावत असेल तर ती तफावत म्हणूनच, स्वतंत्र शीर्षाखाली, कारण आणि वर्ष लिहून दाखवावी. त्या तक्त्यावर संचालक मंडळाचा ठराव आणि लेखापरीक्षकाचा शेरा असावा. लपवलेला आकडा पुढच्या सचिवाच्या गळ्यात पडतो. उघड दाखवलेल्या आकड्यावर निदान वसुलीचा मार्ग शोधता येतो.

चाचणी : निवडक सभासद, अवघड प्रकरणे

सगळी माहिती चढवण्याआधी थोड्या खात्यांवर चाचणी घ्यावी. यादी वरून सरळ उचलू नये, अडचणीची खाती शोधून निवडावीत :

- वेळेवर फेडणारा साधा कर्जदार
- दोन गावांत जमीन असलेला सभासद
- थकबाकीदार, ज्याचे व्याज अनेक वर्षांचे आहे
- मध्यम मुदत कर्ज घेतलेला
- कर्जमाफीत अंशतः बसलेला
- मयत सभासदाचे खाते
- फक्त भाग असलेला, कर्ज नसलेला सभासद

या प्रत्येकाचे व्याज एकदा कागदावर हाताने काढावे आणि एकदा प्रणालीकडून काढून घ्यावे. दोन्ही आकडे वेगळे आले, तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. व्याजाचा दर, दिवस मोजण्याची पद्धत किंवा वाटपाची तारीख, यांतच बहुधा दोष निघतो.

चावडी वाचनाचा धडा

महाराष्ट्राने माहितीचे याहून मोठे स्थलांतर केले आहे, ते सातबाऱ्याचे. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबाऱ्यांत फरक राहिल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा 2017 च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातला उतारा गावकऱ्यांसमोर वाचायचा, चूक निघाली की नोंदवायची आणि मग दुरुस्ती करायची, असा तिचा क्रम होता. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेतही गावोगाव याद्या लागल्या. कर्जाची रक्कम मान्य आहे का, हे आधार प्रमाणीकरणाच्या वेळी शेतकऱ्यालाच विचारले गेले आणि अमान्य असल्यास तक्रारीची वाट ठेवली गेली.

सोसायटीने हेच करावे, पण एक पथ्य पाळून. थकबाकी हा अब्रूचा विषय असतो. म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावर फक्त नाव, सभासद क्रमांक आणि क्षेत्र लावावे. भाग, कर्ज आणि व्याज यांची छापील चिठ्ठी प्रत्येक सभासदाच्या हाती द्यावी आणि ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहून सही घ्यावी. पंधरा दिवसांची मुदत पुरेशी आहे. आधार क्रमांकाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरवू नयेत.

परतीची वाट

ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये सुमारे 52 लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर नेली. माहिती नीट पोहोचली होती, पण प्रणालीच कोलमडली. लाखो ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात आणि कारभार पूर्ववत व्हायला त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. डिसेंबर 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड झाला. पुरवठादार खरोखर तयार आहे का, याची पुरेशी खातरजमा न केल्याबद्दल बँकेच्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखालाही पुढे वेगळा दंड झाला.

गावातल्या संस्थेने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, काही काळ जुनी वही आणि नवी प्रणाली बरोबरीने चालवावी. निदान एक पूर्ण महिना रोजची रोख शिल्लक दोन्हीकडे जुळली पाहिजे. हे काम दुप्पट आहे, पण वाया जात नाही. दुसरी, ‘सगळे झाले’ हा पुरवठादाराचा निरोप पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे जुळलेली तेरीज.

कागदाचीही काळजी घ्यावी. कारध्याचा पूल वैनगंगेच्या पुराचे मोजमाप सांगतो, आणि ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेल्या पुराने भंडारा परिसरात केवढे पाणी भरले ते इथल्या लोकांना सांगायला नको. नदीकाठच्या संस्थेने सभासद रजिस्टर, कर्जखतावणी आणि शेवटचे तपासलेले ताळेबंद स्कॅन करून त्यांची एक प्रत तालुक्याच्या ठिकाणी ठेवावी. स्थलांतर झाले म्हणून जुनी दप्तरे रद्दीत घालू नयेत. वादाच्या वेळी सहीची वहीच लागते.

कोणी काय करायचे

गटसचिव शिलका काढतो आणि भरतो. भरलेली माहिती दुसऱ्या माणसाने तपासावी, कारण भरणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. जिल्हा बँकेच्या शाखेने कर्जशिलकेचा लेखी दाखला द्यावा. लेखापरीक्षकाने तेरीज तपासावी. संचालक मंडळाने तारीख, तफावत आणि अंतिम मंजुरी असे तीन ठराव करावेत. पुरवठादाराच्या माणसाचे नाव, फोन आणि तो किती महिने मदतीला राहील, हे आधीच लेखी घ्यावे. एकाच पासवर्डवर सगळ्यांनी काम करू नये. कोणती नोंद कोणी केली, हे नंतर कळले पाहिजे.

सभासदाचे काम

वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेला जाताना सभासदांनी आपले पासबुक आणि वसुलीच्या पावत्या बरोबर न्याव्यात. संगणकातून आपला उतारा मागून घ्यावा आणि सभासद क्रमांक, क्षेत्र, भाग, कर्जाची मुद्दल आणि शेवटच्या भरण्याची तारीख या पाच गोष्टी तिथेच पडताळाव्यात. काही चुकले असेल तर तोंडी न सांगता लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. स्थलांतराच्या वर्षात सापडलेली चूक एका अर्जाने सुटते. तीच चूक पाच वर्षांनी सापडली, तर तोवर तिच्यावर व्याज चढलेले असते.