मोडीत निघणारे संगणक आणि सहकाराचा धडा

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज 10’ या आपल्या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचा संगणक बंद पडला नाही. शाळेची घंटा वेळेवर झाली आणि कचेरीतील दाखलेही वेळेवर, म्हणजे नेहमीच्याच वेळेवर, निघाले. म्हणूनच बहुधा या घटनेची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. परंतु कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारा माणूस यांच्यामधला कारभारी. या कारभाऱ्याच्या वाड्याला वेळोवेळी भगदाडे पडतात आणि ती वेळच्या वेळी बुजवावी लागतात. ते बुजविणे आता थांबले. वाढीव सुरक्षासेवा काही काळ मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. पण ती मुदतवाढ आहे, उपाय नव्हे. ‘विंडोज 11’ घ्यावी, तर 2021 साली आलेल्या या प्रणालीच्या अटी अशा आहेत की, साधारणपणे 2017 पूर्वीची बहुतेक यंत्रे तिच्या पंक्तीला बसूच शकत नाहीत.

पेठ वडगावसारख्या गावात याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. हातकणंगले तालुक्यातील हे जुने बाजारपेठेचे गाव. आसपासच्या खेड्यांतील मुले येथे शिकावयास येतात आणि त्यांचे आईबाप बाजाराला व कामाकाजाला येथेच येतात. अशा गावांतील शाळांमध्ये जे संगणक असतात ते कधी एखाद्या निधीतून, कधी कोणाच्या देणगीतून, तर कधी माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आलेले असतात. ते चालू स्थितीत असतानाच मोडीत काढावयाचे आणि नव्यांसाठी पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहावयाचे, हा एक मार्ग झाला. धोका पत्करून तसेच वापरत राहावयाचे, हा दुसरा. तिसरा मार्गही आहे आणि तो तीस वर्षांहून अधिक काळ खुला आहे. त्याचे नाव लिनक्स.

उघड्या काहिलीवरचा गूळ

1983 साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाच्या आज्ञावल्या वापरण्याची, त्यांची रचना अभ्यासण्याची, त्यांच्या प्रती इतरांना देण्याची आणि त्यांत सुधारणा करून त्या पुन्हा वाटण्याची मुभा प्रत्येकाला असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि तो जगापुढे ठेवला. पुढच्याच वर्षी त्याने तो स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणला. या दोन प्रवाहांच्या संगमातून आज आपण जिला लिनक्स म्हणतो ती प्रणाली उभी राहिली.

कोल्हापूरच्या माणसाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीपाशी उभा असतो. रस किती आटला, पाक केव्हा उतरवायचा, हे तो नजरेने ठरवितो. त्याच्या शेजारी उभा राहून जो पाहील त्याला ती विद्या मिळते. आज नुसता पाहणारा पोरगा उद्या स्वतः गुळव्या होतो. काहिलीवर झाकण घालून गूळ करणारा गुळव्या कोणी पाहिला आहे काय? बंदिस्त आज्ञावली म्हणजे अशी झाकलेली काहील. ढेप मिळते, पण गूळ कसा झाला हे कळत नाही. बिघडला तर दुरुस्त करता येत नाही आणि ज्याची काहील तो उठून गेला की गुऱ्हाळ बंद पडते. ऑक्टोबर 2025 मध्ये नेमके हेच झाले.

मुक्त आज्ञावली म्हणजे फुकट वाटप, असा एक गैरसमज आहे. तो दूर केला पाहिजे. लिनक्ससाठी राबणारे अनेकजण मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत आणि एकेकाळी लिनक्सचा विरोध करणारी मायक्रोसॉफ्टही आज त्यांच्यात सामील आहे. नोव्हेंबर 2017 पासून जगातील पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालत आले आहेत. आपल्या खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीचा गाभाही लिनक्सचाच आहे. तेव्हा हा छंदिष्टांचा खेळ आहे, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच संपले. प्रत्येकाने आपला ऊस घालावा आणि कारखाना सर्वांचा असावा, या न्यायाने चाललेला हा जगड्व्याळ सहकार आहे.

मराठी कागद कोणाच्या कुलपात?

या प्रश्नाला मराठीपुरती आणखी एक बाजू आहे आणि कारकून वर्गाला ती अनुभवाने ठाऊक आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी टंकलिखित केलेले पत्र आज उघडावे, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक खिचडी दिसते. कारण उघड आहे. जुन्या पद्धतीत संगणक मराठी अक्षर साठवीतच नसे. तो इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवी आणि विशिष्ट कंपनीचा टंक त्यांवर मराठीचा मुखवटा चढवी. तो टंक गेला की मुखवटा गळून पडतो. ठराव आपला, भाषा आपली, सही आपली. किल्ली मात्र दुसऱ्याची!

1991 साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या प्रमाणाने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक दिला आणि या गोंधळाचे मूळ छाटले. पण क्रमांक मिळाल्याने काम संपत नाही. ‘क्ष’ कसा जुळावा, रफार कोठे बसावा, ‘दुसऱ्या’ या शब्दातील र कसा दिसावा, हे ठरविणारी आज्ञावली लागते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांत हे काम ‘हार्फबझ’ ही मुक्त आज्ञावली करते. आपण रोज भ्रमणध्वनीवर मराठी वाचतो ते तिच्या कृपेने. तिचे नाव मात्र आपणास ठाऊक नसते. रेड हॅट कंपनीचा ‘लोहित’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हे देवनागरी टंक कोणासही वापरण्यास खुले आहेत. लिनक्सच्या पडद्यावरील सूचना मराठीत आणण्याचे बरेच काम पुण्यात बसून मराठी माणसांनीच केले आहे. एखादा मराठी प्रतिशब्द आपणास खटकला, तर तो बदलण्याची सूचना वडगावच्या शिक्षकालाही करता येते. बंदिस्त प्रणालीत असे दार कोठे आहे?

वारणेचा धडा

तथापि, नुसते यंत्र किंवा नुसती प्रणाली आणून भागत नाही, हेही आपल्या परिसराने पाहिले आहे. वडगावपासून फार लांब नसलेल्या वारणानगरला 1998 साली केंद्र शासनाच्या पुढाकाराने एक गाजलेला प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकाराच्या आधाराने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकांनी जोडावयाची, असा तो संकल्प होता. शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, शासकीय माहिती गावातच मिळेल, अशी अपेक्षा होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच बंगळूरच्या संशोधकांनी येथे येऊन पाहणी केली, तेव्हा हे संगणक प्रामुख्याने उसाच्या नोंदी व हिशेब पाहण्यासाठीच वापरले जात असल्याचे दिसले. मग त्यांनी सात गावांत प्रयोग करून तेच काम भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांवर करून दाखविले.

यावरून वारणेला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या काळात एवढे धाडस देशात फार थोड्यांनी केले. धडा निराळाच आहे. वरून आलेले यंत्र गावात मुरावयाचे असेल, तर त्याचे झाकण उघडणारे, त्याला नवे काम लावणारे हात गावातच तयार व्हावे लागतात. ते तयार झाले नाहीत, तर संगणक हा पावती देणारा एक महागडा कारकून ठरतो.

उत्साह आणि त्याच्या मर्यादा

लिनक्सच्या तरुण चाहत्यांना म्हणूनच दोन शब्द सांगावेसे वाटतात. त्यांचा उत्साह संसर्गजन्य असतो. उबंटूची नवी आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पोळ्याच्या दिवशी बैल सजविणाऱ्याचा आनंद असतो. कोणती आवृत्ती श्रेष्ठ, यावर ते रात्र रात्र वाद घालतात. हे सारे लोभस आहे. परंतु शेजारच्या कचेरीतील मुद्रणयंत्र लिनक्सवर चालत नसेल, तर त्या वादाचा त्या कारकुनाला काय उपयोग?

अडचणी खऱ्या आहेत. हिशेबाच्या काही प्रचलित आज्ञावल्या विंडोजसाठीच लिहिलेल्या आहेत. टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर हात बसलेल्याला इन्स्क्रिप्ट नव्याने शिकावा लागतो. म्युनिक शहराच्या पालिकेने 2003 साली लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि 2017 साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरविले. हे उदाहरण विरोधक नेहमी देतात आणि चाहत्यांनी ते लपवू नये. मात्र त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 साली सुमारे तीस हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला, हेही सांगावे.

आपल्या देशात केरळचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथील शासकीय व अनुदानित शाळांतील संगणकशिक्षण बऱ्याच वर्षांपासून मुक्त प्रणालीवर चालते आणि दहावीची संगणकाची परीक्षाही तिच्यावरच होते. तेथे हे घडले ते प्रामुख्याने शिक्षकांमुळे. आधी शिक्षक तयार केले गेले, मग संगणक बदलले. आपल्याकडे ‘एमएस-सीआयटी’तील ‘एमएस’ म्हणजे मायक्रोसॉफ्ट, असे समजणारे लोक भेटतात. त्याचा अर्थ ‘महाराष्ट्र स्टेट’ असा आहे, हे सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते! एकाच कंपनीच्या खिडकीतून संगणक पाहण्याची सवय किती खोलवर गेली आहे, याचे हे गमतीदार गमक आहे. नोकरीसाठी तेच शिकणे आवश्यक आहे, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. ‘वर्ड 2003’ची घोकंपट्टी केलेल्यांना 2007 साली सगळ्या आज्ञा नव्याने शोधाव्या लागल्या होत्या. जो तत्त्व शिकतो, त्याला खिडकी बदलल्याने अंधार होत नाही.

आरंभ कोठून?

मग करावयाचे काय? सर्व संगणक एका रात्रीत बदलण्याची घाई नको. पहिली पायरी म्हणून आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस बसवावे आणि नवी कागदपत्रे युनिकोडमध्ये, खुल्या स्वरूपात साठवावीत. याला एक पैसाही लागत नाही. दुसरी पायरी, जे संगणक मोडीत काढावयाचे ठरले आहे त्यांपैकी चार-पाच यंत्रांवर लिनक्सची हलकी आवृत्ती चालवून पाहावी. चार जीबी स्मृतीचे यंत्र तेवढ्यासाठी पुरते. मोडीतलेच ते, प्रयोग फसला तरी हानी काय? तिसरी पायरी शिकण्याची. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात विनामूल्य दिले आहेत. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे महाविद्यालयातील लिनक्सप्रेमी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दुपार जवळच्या शाळेला द्यावी. नव्या आवृत्तीच्या बातमीवर चर्चा करण्यापेक्षा एका शिक्षिकेच्या संगणकावर तिची जुनी प्रश्नपत्रिका नीट मराठीत उघडून देणे, ही लिनक्सची मोठी सेवा आहे.

सहकाराच्या चळवळीने या परिसराला एक गोष्ट शिकविली. एकट्याचा ऊस दुसऱ्याच्या दराने विकला जातो. सर्वांचा मिळून कारखाना उभा राहतो. ज्ञानाच्या बाबतीतही याहून वेगळे नाही. येत्या वर्षात वडगावच्या एखाद्या शाळेत मोडीत निघालेले पाच संगणक पुन्हा सुरू झाले आणि त्यांतल्या एकाचे झाकण उघडून आत पाहण्याचे धाडस एखाद्या मुलीने केले, तर 14 ऑक्टोबर 2025 हा दिवस आपल्यासाठी निवृत्तीचा नव्हे, आरंभाचा ठरेल.