हृदयातली स्प्रिंग आणि तिची चाळणी

हृदय आकुंचन पावते, हे आपण शाळेत शिकतो. पण रक्त आत येताना ते किती ताणले जाते आणि त्या ताणाला आवर कोण घालते, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचे बरेचसे उत्तर टायटिन या प्रथिनात आहे. स्नायूतली ही स्प्रिंगच. तिचा रेणुभार 30 लाख डाल्टनच्या घरात. हिमोग्लोबिनचा जेमतेम 64 हजार. प्रौढ हृदयात तिचे दोन मुख्य प्रकार आढळतात : आखूड, ताठर ‘एन-टू-बी’ आणि लांब, लवचिक ‘एन-टू-बी-ए’. त्यांचे परस्परप्रमाण बदलले की हृदयाचा ताठरपणाही बदलतो.

ते प्रमाण मोजायचे, तर आधी दोन्ही प्रकार वेगळे दिसायला हवेत. अडचण तिथेच होती. प्रथिने वेगळी करण्याची आजची रूढ रीत लेमली यांच्या 1970 मधल्या निबंधातून आली. एसडीएस हे साबणासारखे रसायन प्रथिनाची घडी उलगडते आणि त्यावर ऋण विद्युतभार चढवते. जेलमध्ये वीजप्रवाह सोडला की प्रथिने धन टोकाकडे निघतात. लहान पुढे, मोठी मागे. पण पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या नेहमीच्या जेलची छिद्रे टायटिनला फारच बारीक. जेल पातळ करावे, तर ते उचलतानाच फाटते.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील मॅरियन ग्रीझर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये चाळणीच बदलली. त्यांनी 1 टक्का अ‍ॅगरोज वापरले. आपल्या स्वयंपाकघरातल्या चायना ग्रासचाच हा शुद्ध केलेला अंश. छिद्रे मोठी, तरी जेल टिकाऊ. उभ्या काचांमधून ते घसरू नये म्हणून तळाशी अ‍ॅक्रिलामाइडचे बूच बसवले. वरच्या द्रावणात मर्कॅप्टोइथेनॉल घातले. त्यामुळे वाटेत गंधकाचे नवे बंध जुळणे टळते.

वरवर पाहता या किरकोळ युक्त्या. पण याच गटाला एका उंदराच्या वाणात टायटिनचा पट्टा नेहमीपेक्षा वर थबकलेला दिसला, म्हणजे रेणू जास्तच मोठा होता. टायटिनच्या संदेशातले कोणते तुकडे वगळायचे, हे ठरवणारे आरबीएम-20 हे जनुक त्या उंदरांत बिघडलेले होते, हे 2012 मध्ये स्पष्ट झाले. याच जनुकातील दोष हृदय फुगून दुबळे होण्याचा आजार असलेल्या काही कुटुंबांत 2009 मध्येच सापडले होते. ते दोष हृदयाच्या स्प्रिंगपर्यंत कसे पोहोचतात, याचा दुवा त्या वर थबकलेल्या पट्ट्याने दिला. आज अशा कुटुंबातील भावंडांची तपासणी लक्षणे दिसण्याआधीच करता येते.