ठेवणीतला वस्तरा आणि नवापूरचा पावसाळा

रोज चालणारा वस्तरा सहसा गंजत नाही आणि गंजतो तो कपाटात जपून ठेवलेला, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटले तरी त्यात विसंगती मुळीच नाही. कारण ज्या काळी नाभिकाच्या धोकटीतला वस्तरा दिवसभर उघडत-मिटत असे, त्या काळी प्रत्येक दाढीनंतर तो पुसला जाई, प्रत्येक दाढीपूर्वी चामोटीवर पालथा-उताणा फिरे, आणि या नित्य घर्षणात पोलादावर बसू पाहणारा गंजाचा पहिला, डोळ्यांना न दिसणारा थर बसण्यापूर्वीच निघून जाई. पुढे एड्सच्या धास्तीने एकदा वापरून टाकून द्यावयाच्या अर्ध्या ब्लेडचे वस्तरे गावोगावच्या दुकानांत रूढ झाले, आणि अखंड पात्याचे जुने वस्तरे, ज्यांपैकी कित्येकांवर इंग्लंडातील शेफील्डचा अगर जर्मनीतील झोलिंगेनचा छाप आढळतो, धंद्यातून निवृत्त होऊन ठेवणीत गेले. वडिलांची अगर आजोबांची आठवण म्हणून ते जपणारी माणसे पुष्कळ आहेत; परंतु ते जपावे कसे याचे ज्ञान मात्र वारशात आलेले नाही, कारण पूर्वजांना त्याची गरजच कधी भासली नव्हती.

या हत्याराशी महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे एक कटू आणि एक अभिमानास्पद पान निगडित आहे. विधवांच्या केशवपनासाठी ते चालविले गेले, आणि १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एकत्र येऊन हे काम आपण करणार नाही असा निश्चय केला. अशा जिनसांची हयगय होऊन त्या मातीमोल व्हाव्यात, ही गोष्ट मला खरोखर क्लेशदायक वाटते.

नवापूरच्या रहिवाशांनी तर या बाबतीत विशेष खबरदारी घ्यावयास हवी. पूर्वी पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडणारा हा सरहद्दीवरचा तालुका, ज्याच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे, खानदेशात असूनही खानदेशी कोरडेपणाला अपवाद आहे. डोंगर आणि जंगल जवळ, गावातून वाहणारी रंगावली, पलीकडे उकाईच्या जलाशयाचा फुगवटा, आणि जिल्ह्यातील इतर तालुक्यांच्या मानाने अधिक पाऊस. झड लागली म्हणजे घरातले कपडे वाळत नाहीत, भिंती ओल धरतात, डब्याबाहेर राहिलेले पापड सादळतात; आणि जी हवा पापडाला सोडीत नाही ती पोलादाला सोडील अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगाने होणारा पदार्थ, एवढे शाळेतही शिकवितात. तथापि पाणी दिसले पाहिजे असा काही नियम नाही, ही गोष्ट सामान्यतः लक्षात येत नाही. एखाद्या तापमानाला हवा जितके बाष्प धारण करू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात प्रत्यक्ष आहे, यास सापेक्ष आर्द्रता म्हणतात; ती सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ पोलाद फार सावकाश गंजते आणि त्या मर्यादेच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हर्नन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला, आणि त्याचा एक प्रयोग तर इतका साधा व बोधप्रद आहे की तो प्रत्येक घरात सांगितला जावा: लोखंडाचा एक तुकडा त्याने खोलीत उघडा ठेवला, दुसरा पातळ मलमलीच्या आवरणाआड ठेवला, हवा दोघांना सारखीच मिळत असता उघडा तुकडा गंजला आणि मलमलीआडचा चकचकीत राहिला. मलमल बाष्प अडवीत नाही, धूळ अडविते. आणि धुळीचे कण, साबणाचा शेष, बोटांच्या घामातील मीठ हे हवेतील ओल स्वतःकडे ओढून घेऊन गंजाला आरंभस्थान पुरवितात. वस्तऱ्याच्या पात्यावर अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा तांबूस रंगात उमटलेला दिसतो, त्याचे कारण हेच.

याला दवाची जोड मिळते. हवा ३० अंश सेल्सिअस आणि तिची आर्द्रता ८० टक्के असेल, तर तीत ठेवलेली वस्तू सुमारे २६ अंशांपर्यंत थंड होताच तिच्यावर दव धरू लागते. म्हणजे अवघ्या चार अंशांचा फरक पुरतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेली पत्र्याची पेटी पावसाळ्यातील रात्री तेवढी सहज निवते. सबब वस्तऱ्याची जागा घराच्या मधल्या भिंतीशी, जमिनीपासून उंचावर असावी, न्हाणीघराजवळ अगर बाहेरच्या भिंतीच्या कपाटात कदापि नसावी.

सर्वांत मोठा गैरसमज वेष्टनाविषयी आहे. आदराची वस्तू म्हणून वस्तरा चामड्याच्या म्यानात घालावयाचा, ते म्यान मखमलीत गुंडाळावयाचे आणि सर्व गाठोडे डब्यात घट्ट बंद करावयाचे, अशी बहुतेकांची वहिवाट असते. आता हिशेब पाहा. एक लिटरच्या डब्यातील पावसाळी हवेत सगळे मिळून फार तर दोन-तीन शतांश ग्रॅम पाणी असते. परंतु दमट हवेत ठेवलेले चामडे आपल्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके पाणी धरून बसते, म्हणजे पन्नास ग्रॅमचे म्यान दहा ग्रॅमपर्यंत. घट्ट झाकणाने आपण बाहेरची ओल अडविली असे समजतो आणि तिच्या शेकडो पट ओल आत कोंडून ठेवतो. कमावलेल्या चामड्यात क्षार आणि अम्लांश राहतात ते निराळेच. वर्तमानपत्राचा कागद आणि पुठ्ठाही जुना होता होता अम्लधर्मी होतो. चामडे धार चढविण्यासाठी उत्तम, मुक्कामासाठी वाईट.

तेलाच्या निवडीतही अशीच गल्लत होते. घरात हाताशी असते ते शेंगदाण्याचे तेल अगर खोबरेल. पैकी पहिले काही महिन्यांत चिकट होऊन खवट होते, आणि दुसरे अधिक टिकले तरी थंडीत थिजते व जुने झाले की त्यातही अम्लांश वाढतो. खनिज तेल यांहून सर्वथा श्रेयस्कर, आणि ते शोधण्यासाठी सुरतेस जावे लागत नाही: शिलाई यंत्राला घालतात ते पातळ तेल पुरेसे आहे. वर्ष-वर्ष न उघडण्याच्या पात्याला व्हॅसलीनचा हलका हात अधिक टिकाऊ.

कृती अशी. पाते कोमट पाण्याने धुऊन साबणाचा अंश काढावा, लगेच मऊ सुती कापडाने पुसावे आणि पंख्याखाली तासभर उघडे ठेवावे. विस्तवावर मात्र धरू नये, कारण अति उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि मग त्याला धार टिकत नाही. पुसताना हात नेहमी पाठीकडून धारेकडे जावा. ज्या खिळीवर पाते मुठीत फिरते ती जागा विशेष पाहावी: दोन बाजूंच्या मुठीमधील त्या चिंचोळ्या फटीत पाणी शिरते, कापड तेथे पोचत नाही आणि गंज बहुधा तेथूनच निघतो, म्हणून काडीच्या टोकाने तेलाचा एक थेंब तेथे सोडावा. उरलेल्या पात्यावर तेल इतके पातळ असावे की प्रकाशात धरल्यास केवळ झाक दिसावी. मग बोटे न लावता मेणकागदात सैल गुंडाळून रबरी कडे असलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवावे आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. हे खडे आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके बाष्प शोषतात आणि १२० अंशांच्या आसपास तापविले की पुन्हा कामास येतात. फक्त निळ्या खड्यांतील कोबाल्ट विषारी असल्यामुळे नारिंगी घ्यावेत आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. सैल झाकणाच्या डब्यात मात्र ते दोन दिवसांत तृप्त होऊन निरुपयोगी ठरतात. तांदळाच्या पुरचुंडीवर विसंबू नये. तांदळात मुळातच बारा-तेरा टक्के पाणी असते.

जुन्या वस्तऱ्यांपैकी काहींची मूठ हस्तिदंतासारखी अगर कासवाच्या पाठीसारखी दिसते, परंतु असते सेल्युलॉइडची. हा पदार्थ जुना झाला की कुजू लागतो आणि त्यातून निघणारे वायू ओलीशी मिळून तीव्र अम्ल बनतात. असा वस्तरा इतरांसोबत एका डब्यात ठेवला तर तो सर्वांना गंजवितो. त्याला स्वतंत्र आणि हवेशीर जागा द्यावी.

डबा बंद करण्याचा मुहूर्त आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराचा धरावा. त्या दिवसांत हवा, कागद, कापड सारेच कोरडे असते आणि जे आत जाते ते कोरडेच जाते; मृगाचा पाऊस लागल्यावर घाईघाईने केलेल्या बंदोबस्ताला ती गुणवत्ता येत नाही. पोळ्याला एकदा उघडून पाहावे. तांबूस डाग दिसल्यास त्यावर तेल सोडून रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी कापडाने चोळावे. काळसर झाक असेल तर तिला हातही लावू नये, कारण ती धातूला फारसा उपद्रव देत नाही, उलट तिच्या नादी लागून पॉलिशने घासणारे लोक पात्यावरील छाप आणि सोनेरी नक्षी कायमची पुसून टाकतात. गंजाचा खड्डा धारेपर्यंत पोचला असेल तर तो वस्तरा केवळ ठेवण्याचा राहिला असे समजावे.

खंडेनवमीस हत्यारे पूजेला काढण्याची प्रथा आहे आणि ती मोडावी असे कोणी म्हणणार नाही. पण ओले हळदकुंकू आणि फुलांचे पाणी पात्यावर रात्रभर राहिले, तर चार महिन्यांच्या सांभाळाची एका रात्रीत माती होते. कुंकू मुठीला लावावे, फूल शेजारी वाहावे आणि पाते त्याच संध्याकाळी पुसून, तेलाचा हात देऊन परत डब्यात ठेवावे.