परमुलखातला संसार : वाशीमच्या मिशन कंपाउंडचा धांडोळा

वाशीम : शहरातील रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल वाशीमकरांना 'मिशन हॉस्पिटल' म्हणूनच अधिक परिचित आहे. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाचा इतिहास वैद्यकीय सेवेच्या अंगाने अनेकदा सांगितला जातो. मात्र ज्या परदेशी माणसांनी ते उभारले, ती माणसे येथे राहत कशी होती, खात काय होती, भाषा कशी शिकत होती आणि त्यांची मुले कोठे वाढत होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. धर्मप्रचाराविषयी कोणाचे मत काहीही असो, परक्या मुलखात थाटलेल्या संसाराचा हा एक दीर्घ प्रयोग होता. आज हजारो मराठी कुटुंबे परदेशात राहत असताना तो समजून घेणे उद्‌बोधक ठरावे.

इगतपुरी ते वाशीम

वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म म्हणून ओळखले जाणारे हे नगर इंग्रजी अमदानीत 'बासिम' झाले. वऱ्हाडातील बासिम जिल्हा १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यात विलीन करण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीमला पुन्हा स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. या भागात ज्या अमेरिकन मिशनचे काम पुढे रुजले, त्या नॅझरीन चर्चची सुरुवात १८९८ मध्ये इगतपुरीला उतरलेल्या एका छोट्या गटापासून मानली जाते. नंतर या मंडळींनी बुलडाण्यात बस्तान बसविले. लेटन ट्रेसी हे १९०४ मध्ये भारतात आले आणि पत्नी गर्ट्रूड यांच्यासह १९३४ पर्यंत त्यांनी येथे काम केले. त्यांची कन्या ऑलिव्ह यांनी १९५४ मध्ये वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले.

वाशीममध्ये त्याआधी मेथडिस्ट मिशनचे काम होते. १९३०च्या दशकात त्या मिशनने येथील काम आवरते घेतल्यावर जागा आणि इमारती नॅझरीन चर्चकडे आल्या. १९३६ मध्ये भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी मुलींच्या शाळेच्या जुन्या इमारतीतच दवाखाना थाटला. चर्चचे एक ज्येष्ठ पदाधिकारी हायरम रेनॉल्ड्स यांचे नाव त्याला देण्यात आले. पुढे नव्या इमारतींच्या आराखड्यांपासून बांधकामाच्या देखरेखीपर्यंतची कामेही डॉ. स्पायकर यांनी अंगावर घेतली. १९७६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांची चाळीस वर्षे याच मुलखात गेली.

पगार नव्हे, निर्वाहभत्ता

मिशनरी म्हणजे गडगंज साहेब, अशी समजूत पूर्वी सर्रास होती. बंगला, व्हरांडा, खानसामा, आया, माळी आणि चौकीदार हे चित्र पाहता ती अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. भोवतालच्या शेतमजुराच्या तुलनेत हे राहणीमान निश्चितच वरचे होते. परंतु त्यामागचे अर्थकारण सरकारी अधिकाऱ्यापेक्षा वेगळे होते. मिशनऱ्याला हुद्द्यानुसार वेतन मिळत नसे. मायदेशातील चर्चमध्ये रविवारी गोळा होणाऱ्या वर्गणीतून निर्वाहभत्ता येई आणि तो साधारणपणे कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरे. मायदेशात मंदी आली की वर्गणी आटे आणि त्याची झळ थेट वऱ्हाडातील बंगल्याला बसे.

याच कारणाने पत्रव्यवहार हा रोजच्या जीवनाचा भाग होता. देणगीदारांना कामाची हकीकत कळविणे, मिळालेल्या पैशाचा हिशेब देणे आणि नव्या मदतीची विनंती करणे यात मिशनरी पती-पत्नींच्या अनेक संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात खर्ची पडत. अशा पत्रांतून येथील दारिद्र्य आणि अंधश्रद्धा यांचेच चित्र ठळकपणे रंगविले जाई, ही टीकाही रास्त आहे. मदत मिळविण्यासाठी लिहिलेल्या मजकुराला गावाची दुसरी बाजू दाखविण्याची निकड नसते, हे ती पत्रे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

आधी मराठी, मग काम

नव्याने आलेल्या मिशनऱ्याची पहिली एक-दोन वर्षे भाषा शिकण्यात जात. पंडिताकडून धडे घ्यायचे आणि परीक्षा द्यायची, असा शिरस्ता होता. देवनागरीबरोबर मोडीचीही ओळख जुन्या काळी आवश्यक मानली जाई. मोल्सवर्थ यांचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि त्याची १८५७ ची सुधारित आवृत्ती हा या मंडळींचा मोठा आधार होता. मात्र कोशातील मराठी आणि वऱ्हाडी बोली यांत अंतर असल्याने खरे शिक्षण बाजारात, विहिरीवर आणि रुग्णाच्या खाटेपाशीच होई. दुखणे कोठे आहे हे रुग्ण ज्या शब्दांत सांगतो, ते शब्द डॉक्टरला कळले नाहीत तर निदानच चुकण्याचा धोका असतो.

दिनक्रम ऋतूंनी बांधलेला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दौऱ्याचे दिवस. बैलगाडीवर तंबू, भांडीकुंडी आणि औषधांची पेटी लादून गावोगाव मुक्काम केला जाई. मार्च उलटला की उन्हाचा तडाखा वाढे. वऱ्हाडचा उन्हाळा थंड प्रदेशातून आलेल्या माणसाला, विशेषतः तान्ह्या मुलांना, सोसवत नसे. त्यामुळे माता व मुलांना थंड हवेच्या ठिकाणी पाठविण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रातील मिशनऱ्यांसाठी महाबळेश्वर हे त्यांपैकी महत्त्वाचे ठिकाण होते. जून लागला की कच्चे रस्ते चिखलात बुडत आणि दौरे बंद होत. हिवताप, पटकी आणि विषमज्वर यांचे भय वर्षभर असे.

पत्नी आणि अविवाहित स्त्रिया

या संसारातील स्त्रीचे स्थान विचार करण्याजोगे होते. एकोणिसाव्या शतकात मुंबई व अहमदनगर येथे काम करणारे अमेरिकन बोर्ड आपल्या नोंदींत मिशनऱ्यांच्या पत्नींचा उल्लेख 'साहाय्यक मिशनरी' असा करीत असे. घर सांभाळून मुलींच्या शाळा चालविणे, शिवण शिकविणे आणि आजाऱ्यांना औषध देणे ही कामे त्या करीत, परंतु वेगळा मोबदला नसे.

दुसरीकडे अविवाहित स्त्रियांना मिशनने जे क्षेत्र मोकळे करून दिले, ते त्या काळात त्यांच्या मायदेशातही सहज मिळत नव्हते. डॉ. स्पायकर हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांच्या सहकारी डॉ. एव्हलिन विटहॉफ यांची कथा आणखी विलक्षण आहे. १९४१ मध्ये भारताकडे येत असताना महायुद्धामुळे त्या आणि जेराल्डिन चॅपेल मनिलात अडकल्या. जपानी सैन्याने त्यांना सांतो तोमास येथील छावणीत ठेवले. फेब्रुवारी १९४५ मध्ये सुटका झाल्यानंतर मायदेशी स्थिरावण्याऐवजी डॉ. विटहॉफ यांनी वाशीम गाठले आणि रुग्णालयाच्या कामाला वाहून घेतले.

सर्वांत जड किंमत

मिशनरी कुटुंबाने मोजलेली सर्वांत जड किंमत मुलांच्या ताटातुटीची होती. महाराष्ट्रातील अमेरिकन मिशनचा इतिहासच याची साक्ष देतो. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत दाखल झालेले गॉर्डन हॉल यांनी १८२५ मध्ये पत्नी मार्गारेट आणि दोन मुलांना अमेरिकेला रवाना केले. त्यांपैकी एक मुलगा प्रवासातच दगावला. दुसऱ्याच वर्षी, मार्च १८२६ मध्ये, नाशिक परिसरातून परतताना हॉल यांचे पटकीने निधन झाले. कुटुंबाची पुन्हा भेट झालीच नाही. १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ह्यूम यांच्या वडिलांचा १८५४ मध्ये मायदेशी परतताना समुद्रावर मृत्यू झाला. आईने मुलांना अमेरिकेत वाढविले. हेच ह्यूम १८७४ मध्ये महाराष्ट्रात परतले आणि अहमदनगरला त्यांनी अर्धशतक काम केले.

इंग्लंडमध्ये तर मिशनऱ्यांच्या मुलांसाठी स्वतंत्र वसतिगृहशाळाच निघाल्या. लंडन परिसरात मुलींची शाळा १८३८ मध्ये, तर मुलांची १८४२ मध्ये सुरू झाली. भारतात मसुरीजवळील वुडस्टॉक ही १८५४ पासूनची शाळा आणि तामिळनाडूतील कोडाईकॅनॉल येथे १९०१ मध्ये निघालेली शाळा यांमुळे मुलांना सातासमुद्रापार धाडण्याची गरज कमी झाली. तरीही वर्षातील बहुतेक महिने मुले शेकडो मैल दूरच राहत. आई-वडील दुसऱ्यांच्या मुलांना शिकवीत आणि त्यांची स्वतःची मुले दुसऱ्यांच्या हाताखाली वाढत, असा हा विरोधाभास होता.

पाच ते सात वर्षांनी मिळणाऱ्या 'फर्लो'च्या वर्षात कुटुंब मायदेशी जाई. मात्र तेथे मुलांना घरी आल्यासारखे वाटेच असे नव्हे. आयेच्या मांडीवर मराठी शिकलेले, भाकरीची चव ठाऊक असलेले मूल अमेरिकेतील वर्गात परके ठरे आणि वाशीमच्या बाजारात तर ते गोरे म्हणून परकेच असे. १९५०च्या दशकात भारतातील अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी अशा मुलांसाठी 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' ही संज्ञा रूढ केली. आई-वडिलांची एक संस्कृती, भोवतालची दुसरी आणि या दोहोंच्या मध्ये घडणारी तिसरी, असा तिचा आशय आहे.

स्वातंत्र्यानंतरचे वळण

स्वातंत्र्यानंतर या कुटुंबांच्या वास्तव्याचा प्रश्न राजकीय बनला. वाशीम-अकोल्याचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्य सरकारने १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी समिती नेमली. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना माघारी पाठवावे, अशी शिफारस समितीने १९५६ च्या अहवालात केली. ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकतर्फी असल्याचा आक्षेप घेतला. गरिबीचा आणि आजाराचा फायदा घेऊन धर्मांतर होते काय, की जातीच्या जाचातून सुटण्यासाठी माणसे स्वखुशीने धर्म बदलतात, हा त्या वेळचा वाद आजही मिटलेला नाही.

व्यवहारात बदल घडला तो व्हिसाच्या नियमांमुळे. ज्या कामासाठी पात्र भारतीय उपलब्ध आहे, तेथे नवा परदेशी मिशनरी नको, असे धोरण केंद्राने १९५०च्या दशकाच्या मध्यात स्वीकारले. जुन्या पिढीतील मिशनरी निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी भारतीय डॉक्टर, परिचारिका व धर्मगुरू आले. परदेशी नागरिकांसाठी 'मिशनरी व्हिसा' ही स्वतंत्र वर्गवारी आजही अस्तित्वात आहे, तर पर्यटन व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही.

आरसा आपल्यासाठीही

आज चित्र उलटे फिरले आहे. न्यू जर्सी, लंडन किंवा दुबईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना व्हिसाची मुदत, मुलांची भाषा, आजारी आई-वडिलांपासूनचे अंतर आणि सुटीत गावी आल्यावर जाणवणारा परकेपणा हे प्रश्न रोज भेडसावतात. पत्राला महिने लागत, तेथे आता क्षणात चेहरा दिसतो, एवढाच मोठा फरक. मिशनरी कुटुंबे धर्माच्या प्रेरणेने आली, आपली माणसे पोटापाण्यासाठी आणि उत्कर्षासाठी जातात. हेतू भिन्न असले तरी दोन मुलुखांत विभागलेल्या संसाराची ओढाताण मात्र सारखीच आहे.

मिशनऱ्यांची कुटुंबे काळाच्या ओघात गेली, मात्र रुग्णालय मागे राहिले. त्या कुटुंबांच्या पत्रांचा आणि छायाचित्रांचा बराचसा साठा अमेरिकेत असणे स्वाभाविक आहे. पण त्यांच्या स्वयंपाकघरात राबलेल्या, त्यांची मुले सांभाळलेल्या आणि त्यांना मराठी शिकविलेल्या येथील माणसांच्या आठवणी कोणत्याही दप्तरात सहसा सापडत नाहीत. त्या ज्या घरांतून अजून सांगितल्या जातात, तेथे जाऊन वेळीच टिपून ठेवल्या, तर वाशीमच्या इतिहासाची अर्धी राहिलेली बाजू पूर्ण होऊ शकेल.