पुढील स्थानक, हुतात्मा चौक

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळी आटोपून मुलीकडे मुंबईला गेलो होतो. भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा, आचार्य अत्रे चौक ते कफ परेड, नुकताच सुरू झाला होता. "बाबा, तुमच्या वरळीवरून तुमच्या फाउंटनला जाऊ," मुलगी म्हणाली. वरळी नाक्यापाशी आम्ही सरकत्या जिन्याने खाली उतरलो. मुंबईत आमच्या पिढीला 'सबवे' म्हणजे रस्ता ओलांडायचा बोगदा, रुमाल-मोजे विकणाऱ्यांच्या ओळीतून वाट काढत चालायचा. हा जिना संपेचना. खाली थंडगार फलाट होता, काचेची दारं होती, एका मिनिटात गाडी आली. महालक्ष्मी, ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी. नावं सगळी ओळखीची, खिडकीबाहेर मात्र काळोख. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गेलं आणि स्वच्छ मराठीत सूचना झाली, "पुढील स्थानक, हुतात्मा चौक."

मी उठून उभा राहिलो. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. लेक घाबरली, बरं वाटत नाही का म्हणून विचारू लागली. बरं होतो. बेळगावात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे नाव सरकारी गाडीत मराठीतून ऐकू आलं की काय होतं, हे तिथल्या तिथे तिला समजावता आलं नाही. ते इथे लिहितो आहे.

मुंबईच्या रेल्वेचा इतिहास शाळेत सगळ्यांनी पाठ केला आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी, १९२५ ला विजेवरची गाडी, १९६४ ला ट्रॅम बंद. त्यात मी रमणार नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये कलकत्त्याला जमिनीखालून रेल्वे धावू लागल्याची बातमी आमच्या चाळीत मोठ्याने वाचली गेली होती, तेवढं आठवतं. मुंबईला हे जमणार नाही, पहिल्या पावसात बोगदा भरेल, असं मामा म्हणाले होते. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं तेव्हा मला मामा आठवले. स्थानक उघडून तीन आठवडेही झाले नव्हते.

माझी मुंबई १९७९ ते १९८९. बेळगावच्या शहापुरातून मी गेलो. वरळीच्या बीडीडी चाळीत मामांच्या ओळखीने गावकरी खोलीत जागा मिळाली. एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि चौदा माणसं, खानापूर, चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडची. बहुतेक गिरणीतले. पहिल्या पाळीचे परत आले की तिसऱ्या पाळीच्यांनी वळकट्या गुंडाळायच्या. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो, म्हणून मला दिव्याखालची जागा मिळे आणि चौदा जणांची पत्रं लिहायचं कामही. लोअर परळहून लोकलने चर्चगेट, तिथून चालत फ्लोरा फाउंटन, म्हणजेच हुतात्मा चौक. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे पुतळे रोज उजव्या हाताला लागत. मी रोज नमस्कार करी.

तो नमस्कार नुसत्या रिवाजाचा नव्हता. २१ नोव्हेंबर १९५५ ला त्या चौकात गोळीबार झाला. पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांची यादी शंभराच्या वर गेली, आणि दर १ मे ला ती छापून येते. ती यादी मुंबईच्या गिरण्या-चाळींतल्या माणसांची आहे, असंच बहुतेकांना वाटतं. ती शेवटपर्यंत वाचा. मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारीगडी ही बेळगावची माणसं. कमलाबाई मोहिते निपाणीच्या. माझं आजोळ निपाणीचं. तंबाखूच्या वखारीत काम केलेली माझी आई कमलाबाईंचं नाव घेताना पदर सावरून घ्यायची. मुंबई महाराष्ट्राला मिळाली. ज्या गावांसाठी ही पाच माणसं गेली, ती १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात घातली गेली आणि आजवर तिकडेच आहेत. आमच्याकडे १ नोव्हेंबर हा काळा दिन.

मुंबईत ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती. कचेरीत मला 'कानडी अप्पा' म्हणत. मी सीमाभागाचं सांगू लागलो की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणायचे, "तुमचा महाजन आयोगाने निकाल लावला ना?" लावला होता, १९६७ साली. बेळगाव कर्नाटकातच ठेवायचं, निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायचं. म्हणजे माझं आजोळ एका राज्यात आणि घर दुसऱ्या. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, ते योग्यच केलं. पण त्या गृहस्थांना यातलं काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. १९८३ साली एका परीक्षेच्या अर्जासाठी महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागत होता. मुंबईतल्या एका सरकारी खिडकीवर माझा कागद दोनदा परत आला. जन्म बेळगाव, म्हणजे कर्नाटक. मी म्हणालो, आम्ही महाराष्ट्रासाठी भांडतो आहोत. खिडकीतला माणूस म्हणाला, "मग मिळाल्यावर या." मी ते वाक्य बेचाळीस वर्षं सांभाळून ठेवलं आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी महाराष्ट्राने नंतर सवलती केल्या, त्याचं श्रेय मी देतो. माझी परीक्षा हुकली ती हुकलीच.

त्या दहा वर्षांत मुंबईला माझ्या गावाशी बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती, मिरज. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ ला रुंद झाला, आमचा बेळगावकडचा मात्र मीटरगेजच राहिला. १९९० च्या दशकात रूळ बदलेपर्यंत रेल्वेने मुंबईला निघालेल्या प्रत्येक बेळगावकराला मिरजेत उतरावंच लागे. दुपारी बेळगावहून ती अरुंद, डुलत चालणारी गाडी धरायची. सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा. चिकोडी रोडला उतरणाऱ्याला चिकोडी अजून लांब असे. कुडचीजवळ कृष्णेच्या पुलावर बायका नाणं टाकत. मग मिरज. तिथे सगळी गाडी खाली. मिरजेच्या दवाखान्यात निघालेले रुग्ण, मुंबईच्या गवयासाठी कापडात गुंडाळलेला तानपुरा, कुंद्याचे डबे, ट्रंका, वळकट्या, कडेवरची पोरं, सगळं एका फलाटावरून दुसऱ्यावर. रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस येईपर्यंत आम्ही सामानावर बसून असू. उतरायचं, थांबायचं, पुन्हा चढायचं. बिनआरक्षित डब्यात जागा मिळाली नाही तर दाराशी बसून सकाळी व्हीटी.

लोकांना तो त्रास वाटे. मलाही वाटे. पण मिरजेच्या त्या दोन-तीन तासांत सीमाभाग एकत्र बसलेला असायचा. खानापूरचा, बेळगावचा, लोंढ्याचा माणूस मुंबईला जाण्याआधी एकमेकांना विचारायचा, कुठल्या चाळीत, कुठल्या खात्यात, कुणाचा तू. दोन फलाटांच्या मधली ती जागा कुठल्या राज्याची आहे हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. आमच्या खोलीतले अकरा गिरणीतले होते. पहिले काही आठवडे ते जांबोरी मैदानात सभेला जात, संपाचे नेते डॉ. सामंत यांचं भाषण ऐकून येत. मग ट्रंका बांधल्या जाऊ लागल्या. "पेरणीपुरतं जातो," असं म्हणून एकेक गेला. शिमग्याला मी गावी निघालो तेव्हा महालक्ष्मीच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कोकणी माणूस एसटीने गेला असेल, देशावरचा आणि सीमेवरचा कामगार या गाडीने गेला. मिरजेला एरवी आमच्या बाजूच्या फलाटावर हसणं-खिदळणं चाले. त्या दिवशी दोनशे माणसं भिंतीला टेकून गप्प होती. चंदगडचा एक फिटर गाडीने कोल्हापूरला जाऊ शकला असता, तरी आमच्याबरोबर मिरजेला उतरला, चहा घेतला, मग गेला. तो मुंबईला परत आला नाही. अकरापैकी तिघेच आले.

१९८६ चं तर काय सांगू. कन्नडसक्तीविरुद्ध बेळगाव पेटलं. शरद पवार सत्याग्रहाला गेले, छगन भुजबळ वेषांतर करून शहरात शिरले. १ जूनला गोळ्या चालल्या. मी फाउंटनला उभा राहून सांजदैनिक वाचत होतो. पाठीमागे ती मशाल होती, आणि गावात पुन्हा तेच घडत होतं. चाळीत त्या रात्री कुणी चूल पेटवली नाही. हिंडलग्याला त्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, दर १ जूनला आम्ही तिथे जमतो. दरवर्षी थोडे कमी.

१९८९ ला वडील गेले आणि मी बेळगावला परतलो. पुढची पस्तीस वर्षं चाकोरीची. शहराचं नाव २०१४ ला बेळगावी झालं. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा २०२४ मध्ये आला, आणि आमच्या गल्लीतल्या मराठी पाट्या आक्रसल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बसमधल्या भांडणावरून दोन राज्यांमधली बससेवा थांबली. एका लग्नाला मला कोल्हापुरात पोहोचायचं होतं. कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे वडाप सोडलं, पिशवी खांद्याला लावली, चालत पलीकडे गेलो, रिक्षा शोधली. सदुसष्टाव्या वर्षी मी भर उन्हात पुन्हा मिरजेसारखी गाडी बदलली, पण या वेळी दोन्ही बाजूंना सोबत कुणी नव्हतं.

म्हणून त्या भुयारातली सूचना मला लागली. महाराष्ट्राने चौकाचं नाव जमिनीखाली नेऊन नीट जपलं. अत्रे चौकाच्या स्थानकाला मात्र अत्र्यांच्या नावाआधी एका म्युच्युअल फंडाचं नाव लावलं. ज्या माणसाने 'मराठा'च्या अग्रलेखांतून राज्य हलवलं, त्याच्या नावापुढे पैसे घेऊन दुसरं नाव लावायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही. ते फंडाचं नाव काढा. आणि हुतात्मा चौकाच्या स्थानकात पाच नावं तरी बेळगाव-निपाणी या गावांसकट लावा. रोज हजारो तरुण तिथे चढतात-उतरतात. त्यांच्या राज्याच्या पायाखाली आमची माणसं आहेत, हे त्यांना कळायला हवं.

त्या दिवशी आम्ही स्थानकातून वर आलो. मशाल तिथेच होती. मी लेकीला पाचही नावं सांगितली. तिने ती फोनमध्ये लिहून घेतली, कमलाबाईंचं आडनाव दोनदा विचारून.

परतीला दादरहून चालुक्य एक्स्प्रेस होती, थेट बेळगाव. पहाटे डोळा उघडला तर गाडी मिरजेला उभी. माझा हात आपोआप सीटखाली पिशवीकडे गेला, पायात चपला सरकवल्या, उठून दाराशी आलो. फलाट जवळजवळ रिकामा होता. दोन हमाल बाकावर झोपले होते. कुणी उतरलं नाही. गाडी हलली तेव्हा मी चपला काढल्या आणि परत आडवा झालो. थोड्या वेळाने शेडबाळची पाटी दिसली, कन्नडमधली ओळ सगळ्यात वर.