अस्वल गुदगुल्या करत नाही

अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, कूलरमध्ये दुपारी दुसऱ्यांदा पाणी भरावं लागतं, आणि पोरं टीव्हीसमोर बसून बर्फावरून चालणारं पांढरं अस्वल बघत असतात. ध्रुवीय अस्वल काय खातं, असं त्यांना विचारा. ‘सील’, उत्तर तयार. मग विचारा, आपल्या नरनाळ्यातलं अस्वल काय खातं? एक म्हणतो मध, दुसरा म्हणतो माणूस. नरनाळा अकोट तालुक्यात, मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या दक्षिण अंगाला. उत्तर ध्रुव कुठे आणि अकोट कुठे, पण ओळख मात्र लांबच्या अस्वलाशी.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. आपल्या डोक्यात जे अस्वल आहे ते तीन तुकडे जोडून झालेलं आहे. एक तुकडा टीव्हीवरचा, एक इसापाच्या गोष्टीतला आणि एक आजीने सांगितलेला. यात मेळघाटातलं खरं अस्वल फारसं कुठे नाही.

माझी आजी अकोटची. ती सांगायची, “अस्वल मानसाले गुदगुल्या करू करू मारते बाप्पा.” माणूस हसून हसून मरतो, म्हणे. वऱ्हाडातच काय, साऱ्या महाराष्ट्रात ही समजूत आहे आणि लहानपणी ती ऐकताना मजाही वाटायची. जखमी माणूस पाहिला की ती मजा उरत नाही. अस्वलाच्या पुढच्या पंजांची नखं बोटाएवढी लांब आणि किंचित वाकलेली असतात. ती वारूळ फोडण्यासाठी आहेत, मांजरासारखी आत ओढून घेता येत नाहीत. हे जनावर अंगावर येतं तेव्हा बहुतेक वेळा मागच्या पायांवर उभं राहतं आणि त्याचे पंजे व दात थेट माणसाच्या डोक्याला, चेहऱ्याला लागतात. डोळा, नाक, गाल, टाळूची कातडी यांच्या जखमा अस्वलाच्या हल्ल्यात फार दिसतात. माणूस वाचतो, पण चेहरा जन्मभरासाठी बदलतो. गुदगुल्यांची कल्पना कुठून आली असेल कोण जाणे. दुरून पाहणाऱ्याला दोन पायांवर उभं राहून पंजे हलवणारं अस्वल तसं दिसलं असेल, असा माझा अंदाज.

मेळघाटाच्या पलीकडे मध्य प्रदेश लागतो. तिथे राजपुरोहित आणि क्राउसमन या अभ्यासकांनी १९८९ ते १९९४ या पाच वर्षांतल्या हल्ल्यांची नोंद तपासली. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं. एकूण ७३५ माणसांवर हल्ले, त्यात ४८ मृत्यू. म्हणजे शंभरातली त्र्याण्णव माणसं जिवंत राहिली. माणूस खायचाच असता तर हे गणित असं दिसलं नसतं. अस्वल झडप घालतं, जखमी करतं आणि निघून जातं. ते शिकारीला आलेलंच नसतं. घाबरलेलं असतं.

घाबरायचं कारण त्याच्या जेवणात आहे, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडचं अस्वल हे खरं तर मुंग्या-वाळवी खाणारं अस्वल. उधईचं वारूळ दिसलं की ते नखांनी उकरतं, मग तोंड लावून जोरात फुंकर मारतं, माती उडवतं आणि आतल्या उधया श्वासाबरोबर ओढून घेतं. यासाठी शरीरात काय काय सोय आहे बघा. वरच्या जबड्यातले मधले दोन दात मुळातच नसतात, त्यामुळे तिथे फट तयार होते आणि तोंडाची जणू नळी होते. ओठ लांब आणि सैल. टाळू खोलगट. नाकपुड्या हवं तेव्हा बंद करता येतात, म्हणजे माती आत जात नाही. फुंकण्याचा आणि शोषण्याचा हा आवाज शंभर मीटरच्याही पलीकडे ऐकू जातो. पण त्या आवाजात अस्वलाला स्वतःला दुसरं काही ऐकू येत नाही. वास त्याला उत्तम येतो, नजर मात्र बेताची. वारा उलट दिशेने असला की माणूस दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग एकदम समोर दोन पायांचं जनावर. झाडावर ते चढतं, पण वाघापासून वाचायला त्या चढण्याचा उपयोग नाही. बिबट्या तर झाडावरही येतो. पळून जाण्यापेक्षा आधी अंगावर धावून जायचं, हा स्वभाव वाघांच्या शेजारात हजारो वर्षं राहून बनला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मादी धोका दिसला की पिल्लांना झाडावर पिटाळत नाही, पाठीवर घेते. पिल्लांना नेहमी पाठीवरून वाहून नेणारं अस्वल जगात हे एवढंच.

यात मोहाचा हंगाम मिसळा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्रभर टपटप गळतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. कोरकू बाया-माणसं टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, कारण उशीर झाला तर गुरं, हरणं आणि माकडं फुलं खाऊन टाकतात. अस्वलही त्याच वेळी, त्याच झाडाखाली, त्याच कारणासाठी येतं. त्याला फुलं वाळवून विकायची नसतात एवढाच फरक. दोघंही मान खाली घालून कामात. टक्कर होते ती इथे.

याच हंगामातली दुसरी समजूत म्हणजे अस्वल मोह खाऊन झिंगतं आणि झिंगल्यावर हल्ला करतं. ताज्या मोहफुलात साखर भरपूर असते, दारू नसते. फुलं भिजवून, आंबवून, भट्टी लावल्यावर दारू होते, हे मेळघाटात कुणाला समजावून सांगायला नको. तरी अस्वलावर मात्र हा आळ कायम. टेंभुर्णी, बोरं, जांभळं, उंबरं, बहाव्याच्या शेंगा हेही त्याचं खाणं, मध तर आवडीचाच. त्यातल्या कशाने ते झिंगत नाही. मेलेल्या जनावराचं मांस क्वचित खातं, म्हणून शाकाहारी म्हणावं तर तेही खरं नाही.

आता इसाप. दोन मित्र, एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो, अस्वल कानात काहीतरी सांगून निघून जातं. ही गोष्ट शाळेत न ऐकलेला मराठी माणूस सापडणं कठीण. आणि मला वाटतं, या गोष्टीने जेवढं शिकवलं तेवढंच घोटाळ्यातही टाकलं. अस्वल मेलेल्याला शिवत नाही, हे चूक. झाडावर चढलेला मित्र सुरक्षित, हेही चूक. या नखांनी अस्वल झाडावर सहज चढतं. पण निपचित पडण्यात तथ्य आहे, फक्त कारण वेगळं आणि पद्धत वेगळी. हल्ला भीतीपोटी असतो, त्यामुळे समोरचा धोका संपला असं अस्वलाला वाटलं की ते बहुधा निघून जातं. म्हणून अस्वल अंगावर आलंच आणि सुटकेला जागा नसली तर तोंड जमिनीकडे करून पालथं पडायचं, दोन्ही हातांची बोटं गुंफून मानेवर ठेवायची, चेहरा आणि पोट झाकायचं आणि ते गेल्याची खात्री होईस्तोवर हलायचं नाही. पुस्तकातल्या चित्रातला मित्र बहुतेक वेळा उताणा पडलेला दाखवतात. त्या चित्रकाराला एकदा सेमाडोहला आणायला हवं.

उतारावर अस्वलाला पळता येत नाही, केस डोळ्यांवर येतात, असंही सांगतात. यावर विसंबू नका. दुडकत चालणारं हे जनावर पळायला लागलं की माणसाला सहज मागे टाकतं, चढ असो की उतार.

‘हिवाळ्यात अस्वलं झोपतात’ हा धडा आपण पाठ केला तो थंड देशांच्या पुस्तकांतून. मेळघाटातलं अस्वल बारा महिने जागं असतं. उन्हाळ्यात दुपारी कपारीत, नाल्याच्या सावलीत पडून राहतं, संध्याकाळी निघतं. उधई बारमाही मिळते, मग झोपायचं कशाला? मादी तेवढी हिवाळ्यात गुहेत दिसते, कारण नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास तिला एक-दोन पिल्लं होतात आणि पहिले काही आठवडे ती त्यांना सोडून फारशी जात नाही. मजा म्हणजे ध्रुवीय अस्वलाबद्दलही हा धडा अर्धाच खरा आहे. तिथेही फक्त गाभण मादी बर्फात गुहा करून राहते. नर आणि बाकीच्या माद्या ध्रुवावरच्या काळ्याकुट्ट हिवाळ्यात सील शोधत फिरत असतात. त्यांचे उपाशी दिवस बर्फ वितळल्यावर, उन्हाळ्यात येतात. ते पांढरं दिसतं, पण त्याची कातडी काळी आणि केस बिनरंगाचे, पोकळ. आपल्या अस्वलाच्या लांब काळ्या केसांखाली लोकरीचा थर नसतो, पोटाकडे केसही विरळ, म्हणून मे महिना निभावतो.

दोघांच्या अभ्यासात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. ध्रुवीय अस्वलासाठी १९७३ साली पाच देशांनी करार केला आणि कॅनडातल्या हडसन उपसागराच्या काठावर तर कित्येक दशकं तीच ती अस्वलं पकडून, मोजून, वजन करून सोडली जातात. (तिथे रेडिओ कॉलर फक्त माद्यांना घालतात. नराची मान डोक्यापेक्षा जाड, कॉलर निसटून पडते.) आपल्याकडे के. योगानंद यांनी पन्नाच्या जंगलात रेडिओ कॉलर लावून अस्वलांचा माग काढला. त्याआधी आणि नंतर नेपाळमधल्या चितवनमध्ये बरंच काम झालं. वाघाच्या वाट्याला आलेल्या पैशाच्या मानाने हे सगळं चिमूटभर. आणखी एक अडचण आहे. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो, अस्वल काळंच्या काळं. छातीवरचा पांढरा खुणेचा पट्टा कॅमेऱ्यात नेमका आला तरच काही जमतं. म्हणून विष्ठा आणि केस गोळा करून डीएनए तपासायची वाट धरावी लागते. तृष्णा दत्ता आणि सहकाऱ्यांनी सातपुडा-मैकल पट्ट्यातल्या पाच व्याघ्रप्रकल्पांत हेच केलं. १९४ नमुन्यांमधून ५५ वेगवेगळी अस्वलं निघाली आणि त्यांतली पाच दुसऱ्या जंगलातून चालत आलेली होती. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. मेळघाट याच पट्ट्याच्या पश्चिमेकडच्या टोकाला आहे. मधली जंगलं तुटली की हे येणं-जाणं संपतं. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर अस्वलं मोजणं हा सुंदर अनुभव आहे, चुकवू नये असा. पण त्या एका रात्रीच्या आकड्यावरून ‘अस्वलं वाढली’ किंवा ‘घटली’ अशी बातमी करणं बरोबर नाही.

नावाचा किस्सा छोटा आहे. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने लांब नखं आणि नसलेले दात पाहून याला दक्षिण अमेरिकेतल्या आळशी स्लॉथच्या कुळात टाकलं. पुढे चूक दुरुस्त झाली, पण इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. ते आळशी नाही, एवढं पुरे.

सगळ्यात महाग पडलेली समजूत केसांची. अमरावतीच्या गल्लीबोळांत दरवेशी नाचणारं अस्वल घेऊन यायचा तेव्हा अस्वलाच्या पाठीवर बसवून पोरांची भीती काढायची, दोन केस उपटून ताईत करायचा, नजर लागत नाही, ताप उतरतो. केस म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन. त्याने ताप उतरत नाही. पित्ताशयाचंही तेच. अस्वलाच्या पित्तातलं जे द्रव्य यकृताच्या काही आजारांत खरोखर चालतं ते कारखान्यात तयार होतं आणि औषधाच्या दुकानात गोळीच्या रूपात मिळतं. तरी त्यासाठी शिकार होते. आणि तो नाचणारा प्राणी नाचत नव्हता. आईला मारून किंवा पळवून लावून पिल्लू आणलेलं, नाकातून तापलेली सुई घालून दोरी ओवलेली, दात तोडलेले. दोरी ओढली की वेदनेने पाय उचलले जायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. तरी ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने दरवेशांना दुसरा रोजगार देत देत शेवटचं नाचणारं अस्वल सोडवेपर्यंत डिसेंबर २००९ उजाडला. सहाशेहून अधिक अस्वलं सोडवली गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांना क्षय झालेला होता. माणसांच्या गर्दीत, झोपड्यांत, उपाशीपोटी वाढलेल्या जनावराला माणसाचा आजार लागावा यात नवल नाही. पिंजऱ्यातल्या अस्वलांमध्ये यकृत आणि पित्तनलिकेचा कर्करोगही पशुवैद्यांना वारंवार आढळतो.

आता चिखलदरा, सेमाडोह, नरनाळा, किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा भागात ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे त्यांच्यासाठी. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला एकट्याने जाऊ नका. उजाडल्यावर निघा, चार फुलं कमी मिळतील. वाटेत मोठ्याने बोला, काठी आपटा, म्हणजे अस्वलाला आधीच कळेल आणि ते स्वतःहून बाजूला होईल. ताजं उकरलेलं वारूळ दिसलं तर तिथून मागे फिरा. पिल्लू दिसलं तर मोबाइल खिशातच ठेवा, आई जवळच असते. जखम झालीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा, हळद-चुना लावू नका, आणि दवाखान्यात रेबीजच्या लशीबद्दल आठवणीने विचारा, कारण अस्वलाचा चावाही कुत्र्याच्या चाव्याइतकाच गंभीर धरायचा असतो. वनरक्षकाला लगेच कळवा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते. वनविभागाचा क्रमांक १९२६.